हौद्यातली पांढरी बत्ती

१

मधवाले काका पिकअपच्या मागे गवतात पडलेले दिसले, तेव्हा बागेच्या राखणदाराला आधी वाटलं की म्हातारा अजून झोपलाय. तसं वाटण्यात चूक नव्हती. बाग फुलोऱ्यात आली की काका मधमाश्यांच्या पेट्या तिन्हीसांजेला घेऊन यायचे, झाडांखाली मांडायचे, रात्र गाडीशेजारीच काढायचे आणि उजाडल्यावर पेट्यांची दारं उघडून मगच घराकडे वळायचे. राखणदारानं लांबून हाक मारली. मग जवळ जाऊन तोंड पाहिलं आणि तो उलट्या पावली फाटकापर्यंत गेला.

फौजदारबाई आल्या, त्यांनीही ते तोंड पाहिलं. डोळे, ओठ, गळा, सगळं सुजून एक झालं होतं. अंगात जाड पांढरा पोशाख होता, हातात मोजे होते, डोक्यावरचा जाळीचा टोप तेवढा नव्हता. तो हौद्याच्या कोपऱ्यात व्यवस्थित काढून ठेवलेला होता. गाडीचा मागचा फाळका पाडलेला होता. आत पेट्या दोरीनं करकचून बांधलेल्या, एकेकीच्या दाराला जाळी ठोकलेली. एकच पेटी खाली कोपऱ्यावर आपटून उघडली होती आणि बेघर झालेल्या माश्या तिच्यावर घुटमळत होत्या.

हवालदार जीपमधून उतरायला तयार नव्हता. काचेला बोटभर फट ठेवून त्यानं मत दिलं की हा सरळसरळ अपघात आहे, आणि अपघात लांबूनसुद्धा दिसतो.

बाईंनाही तेच वाटत होतं. नोकरीत त्यांचे केस पिकले होते. शोधून काढल्यानं कुणाचं भलं होतं यावरचा त्यांचा विश्वास केव्हाच उडाला होता, पण नजरेची सवय काही जात नव्हती. हौद्याच्या कडेनं बारीक दिव्यांची नवी पट्टी फिरवलेली त्यांना दिसली. फाळक्याजवळ तिचं बटण होतं, आणि ते चालू होतं. पट्टी मात्र विझलेली.

रात्रभर जळून बॅटरी उतरली असणार, असं त्या मनाशी म्हणाल्या. गाडीच्या दोन्ही दारांच्या काचा गच्च वर चढवलेल्या होत्या, किल्ली आत तशीच होती. माश्या निवल्यावर त्यांनी हवालदाराला गाडी सावलीत घ्यायला सांगितली, आणि धक्का मारायला राखणदाराला बोलावून घेतलं.

धक्का मारावाच लागला नाही. पहिल्या किल्लीत गाडी सुरू झाली.

२

डॉक्टरांनी सांगितलं ते थोडक्यात असं होतं. काकांना अलीकडच्या वर्षांत माशीचा डंख बाधू लागला होता. जन्मभर माश्या पाळलेल्या माणसाला असं होऊ शकतं. घसा सुजतो, श्वास अडतो. त्यासाठी एक सुई असते, ती मांडीत टोचली की माणूस दवाखान्यापर्यंत पोचतो. काका ती गाडीतच ठेवायचे, समोरच्या काचेवरच्या झडपेत. गाडीत ती सापडली नाही.

काकांचा मुलगा लेथ मशीनवर कामाला होता. सगळे त्याला थोरला म्हणायचे. तो ठाण्याच्या आवारात आला, बाईंशी एक अक्षर न बोलता गाडीच्या मागे गेला, आणि दिव्यांची पट्टी पाहून तिथंच थबकला.

“ही पांढरी आहे,” तो म्हणाला. “बाबांनी लाल सांगितली होती.”

मग त्यानं समजावलं. माशीला लाल रंग दिसत नाही. तिच्या लेखी लाल उजेड म्हणजे अंधारच, म्हणून पेट्या हलवणारे लोक लाल बत्ती वापरतात. पांढरा उजेड दिसला की ती त्यावर झेप घेते, आणि उजेडात उभा असलेला माणूसही तिच्या तावडीत येतो. इतके दिवस काका लाल विजेरी दातांत धरून काम करायचे. दात हलायला लागले, तेव्हा त्यांनी हौद्यातच दिवे बसवून घेतले होते. बसवले होते ते बाजारातल्या ‘करंट’नं.

करंट म्हणजे गाड्यांची वायरिंग करणारा. केस कायम उभे, म्हणून हे नाव. बाईंनी हवालदाराला त्याला बोलावणं धाडायला सांगितलं, पण तोवर थोरला आवारातून निघून गेला होता. बोलावणं गेलं तेव्हा करंट दुकानात नव्हता, दवाखान्यात होता. थोरल्यानं जॅकच्या दांड्यानं त्याचा उजवा पंजा ठेचला होता.

खाटेवर पडलेला करंट बाईंकडे न बघता बोलत होता. हाताबद्दल त्यानं एक शब्द काढला नाही. तो एकच सांगत राहिला की पट्टी लालच होती. जोड त्यानं डाग देऊन पक्के केले होते, वर रबरी नळी चढवली होती, बॅटरीपासून फ्यूज टाकून वायर आणली होती. आणि काकांच्या सांगण्यावरून बटणं दोन ठेवली होती, एक मागे फाळक्यापाशी आणि एक पुढे केबिनमध्ये. दोन्ही चालू असतील तरच बत्ती लागणार.

“म्हणजे पुढचं बंद केलं तर?”

“तर मागं काहीही करा, अंधारच.”

बाई तशाच उठून गाडीपाशी आल्या. केबिनमधलं बटण स्टिअरिंगच्या खाली होतं. ते बंद होतं. त्यांनी ते दाबलं, आणि भर दुपारी हौद्यात पांढरा उजेड पडला.

काका मागे मेले होते, मागचं बटण चालू ठेवून. मेलेल्या माणसानं पुढे येऊन बत्ती विझवली नसती. आणि जिवंतपणी तो पुढे आला असता, तर दार लावून आतच बसला असता, हाताशी सुई होती. म्हणजे काका मरत होते तेव्हा, काचा वर करून, केबिनमध्ये दुसरं कुणीतरी बसलेलं होतं.

३

पण कोण? करंट त्या संध्याकाळी दुकान बंद होईपर्यंत एका ट्रकखाली उताणा होता, ट्रकवाला शेजारी बसून चहा पीत होता. थोरला कारखान्यात होता, सगळी पाळी साक्षीला. बापलेकांत खटके उडत होते हे मात्र त्यानं लपवलं नाही. बाबांनी आता पेट्या विकाव्यात, घरी बसावं, असं त्याचं म्हणणं होतं. का, असं बाईंनी विचारलं तेव्हा त्यानं खांदे उडवले. वय झालं होतं, म्हणाला. मग त्याला कोठडीत नेलं. जाताना त्यानं विचारलं की करंटला धरलं की नाही.

बागेचा मालक लेकीच्या सासरी गेला होता, तो परतल्यावर ठाण्यात आला. त्याचं मन स्वच्छ नव्हतं हे त्याच्या घसा खाकरण्यावरूनच कळत होतं. पुढच्या फुलोऱ्याला दुसरा पेटीवाला बघायचा त्याचा विचार होता. काका माणूस सोन्यासारखा, पण अलीकडे पेट्या वाकड्यातिकड्या मांडायचा. गेल्या खेपेला एक तर पाण्याच्या पाटातच ठेवली होती. सांगायला गेलं की चिडायचा. बाकी तक्रार काही नाही, असं म्हणून मालकानं रुमालानं मान पुसली.

राखणदाराला बाईंनी बागेतच गाठलं. तो सांगून सांगून थकलेला होता. गाडी आली तेव्हा तो विहिरीपाशी होता, तिथून फाटक दिसतं, माणसाचा चेहरा दिसत नाही. काकांनी उतरून फाटक उघडलं. गाडी आत गेली. काकांनी फाटक लावलं, कडी घातली आणि गाडीमागोमाग चालत झाडीत गेले. त्यानंतर तो जेवायला बसला. ओरडण्याचा आवाज आला नाही. आणखी कुणी आलं नाही, कुणी गेलंही नाही, निदान फाटकातून तरी नाही.

बाईंनी मान डोलावली. हवालदार म्हणाला की याच्याकडून काही हाती लागलं नाही. बाई म्हणाल्या, बघू.

ठाण्यात परतल्यावर त्या हौद्यात चढल्या. गुडघे कुरकुरत होते, तरी कडेकडेनं सरकत त्यांनी पट्टी बोटांनी चाचपली. पट्टी सरळही चिकटवलेली नव्हती. मध्ये मध्ये फुगली होती, आणि तिच्याखाली जुन्या पट्टीचा डिंक राहिला होता. कोपऱ्यात जोड होता. करंटची रबरी नळी कापून टाकलेली, वायरी नुसत्या पिळलेल्या. त्यांवर गुंडाळलेली चिकटपट्टी मात्र वायरमनची काळी नव्हती. ती पांढरी, कापडी, औषधाचा वास येणारी होती. जखमेवर लावतात तसली.

४

काकांच्या घरी बाहेरच्या खोलीत खाट होती आणि खाटेवर काकू. त्यांच्या पायाला साखरेच्या आजारानं चिघळलेली जखम होती. त्या बसल्या जागेवरून उठत नव्हत्या, पण घरात कुठे काय आहे हे त्यांना तोंडपाठ होतं. फौजदारबाईंना त्यांनी आत उकळत असलेला चहा प्यायला लावला आणि नवऱ्याबद्दल सांगत राहिल्या. बोलताना मधूनच वर्तमानकाळात शिरायच्या, मग थांबायच्या.

अलीकडे काका कसे होते, असं बाईंनी विचारलं. काकू म्हणाल्या, तसे बरे होते. फक्त धांदरट झाले होते. पुढ्यातला कप हातानं शोधायचे. उंबऱ्याला अडखळायचे. चेष्टा केली की रागावायचे. गाडी मात्र अजून झोकात चालवायचे हो, असं म्हणून त्यांनी डोळ्याला पदर लावला.

त्यांची लेक, धाकटी, आतून पाण्याचं भांडं घेऊन आली. सासर सुटल्यापासून ती इथेच होती, आईचं सगळं तीच करायची. तिनं बाईंकडे पाहून मान हलवली, खाटेशी बसली आणि आईच्या पायाची जुनी पट्टी सोडू लागली. त्या संध्याकाळी ती कुठे होती, असं बाईंनी सहज विचारलं. काकूंनीच उत्तर दिलं. धाकटी मैत्रिणीकडे गेली होती, परत आली ती तापानं फणफणून, तेव्हापासून पोरगी धड जेवली नाही.

धाकटीनं जखम पुसली, मलम लावलं, वर कापूस ठेवला. मग पांढऱ्या कापडी चिकटपट्टीचं रीळ उचललं, हवा तेवढा तुकडा ओढला आणि कात्री न शोधता दातांनी तोडला.

बाईंनी त्या तुकड्याच्या कडेकडे पाहिलं. धागे सुटलेली, दातांची खूण उमटलेली कड होती ती. गाडीतल्या जोडावरही तशीच होती.

त्यांनी चहा संपवला. कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, “जरा परसात येतेस?”

५

परसात रिकाम्या पेट्या रचून ठेवल्या होत्या. बाई एका पेटीवर बसल्या. धाकटी उभीच राहिली.

“मी सांगते,” बाई म्हणाल्या. “चुकलं तर सांग.”

त्यांनी आवाज चढवला नाही. फाटकापासून सुरुवात केली. एकटा माणूस गाडी घेऊन आला तर फाटक उघडायला उतरतो, परत गाडीत बसतो, आत घेतो, मग पुन्हा उतरून फाटक लावतो. काकांनी फाटक उघडलं, गाडी आत गेली, आणि ते फाटक लावून मागून चालत गेले. राखणदारानं हे सगळ्यांना सांगितलं होतं, त्यालाही त्यातलं काही कळलं नव्हतं. गाडी दुसरंच कुणीतरी चालवत होतं. आणि सगळीकडे काका झोकात गाडी चालवतात असाच बोलबाला होता, म्हणजे चालवणाऱ्याला कुणी पाहू नये याची काळजी घेतली जात होती.

आता काळजी कशाची? पाटात ठेवलेली पेटी. हातानं शोधलेला कप. सावध माणसानं ऐन कामाच्या वेळी काढून ठेवलेला जाळीचा टोप. आणि ज्यानं जन्मभर माश्या पाळल्या, त्यानं हौद्यात लावलेली पांढरी बत्ती. घातपात मानला तर यातलं एकही दुसऱ्याला जुळत नव्हतं. काकांना दिसत नव्हतं असं मानलं की सगळं जुळत होतं. लाल उजेडात त्यांना काहीच दिसेना, म्हणून पांढरा. जाळीतून दिसेना, म्हणून टोप उतरवलेला. परत करंटकडे गेले असते तर बाजारभर झालं असतं, आणि आंधळ्याला आपल्या बागेत पेट्या कोण ठेवू देणार?

“म्हणून दिव्यांची पट्टी तू बदललीस. त्यांनी सांगितलं म्हणून.”

धाकटी रडत नव्हती. गाडी बाबांनीच शिकवली, ती म्हणाली. माळावर, भाऊ कामावर गेला की. दादाला कळलं असतं तर त्यानं पेट्या विकल्या असत्या, आणि पेट्या विकल्या असत्या तर बाबा आधीच मेले असते. पांढरी पट्टी नको, हे तिनं त्यांना परोपरीनं सांगितलं होतं. जाळ्या ठोकलेल्या आहेत, एकही माशी बाहेर येत नाही, असं ते म्हणाले होते.

बाकीचं तिनं भराभर उरकलं. पेटी उचलून बाबा मागे सरले आणि फाळक्याची कड त्यांना दिसलीच नाही. पेटीसकट खाली गेले. आरशात तिला आधी नुसता उजेड दिसला, मग त्या उजेडात धूर उठावा तशा माश्या. तिनं काचा वर घेतल्या. पुढचं बटण बंद केलं, उजेड गेला की माश्या शांत होतील म्हणून. झडपेतली सुई काढून हातात घेतली.

“आणि?”

“आणि बसले.”

घरातून काकूंनी कुणाला तरी हाक मारली. धाकटीनं पुढे सांगितलं की बाहेरची हालचाल थांबल्यावर ती दार उघडून मागच्या कुंपणातून पळाली, पळत घरापर्यंत आली, तेव्हाही सुई मुठीतच होती. ती तिनं डब्यात, डाळीखाली ठेवली होती. आणून दिली. सुईचं टोपण लावलेलंच होतं.

करंटच्या हाताबद्दल ऐकल्यावर तरी तोंड का उघडलं नाहीस, असं बाईंनी विचारलं. तिनं वाकून एका रिकाम्या पेटीचं झाकण सरळ केलं.

६

जे शोधलं ते सांगणं भाग होतं. करंटच्या माथ्यावरचा ठपका पुसायला दुसरा रस्ता नव्हता.

बाई आधी त्याच्याकडे गेल्या. तो घरी आला होता, पंजा प्लॅस्टरमध्ये. अंगठा आणि पहिलं बोट आता एकमेकांना लागणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि चिमटीत वायर धरता येत नाही तो कसला वायरमन? बाईंनी सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. बरं झालं, असं तो म्हणाला, पण ते समोरच्या भिंतीला म्हटल्यासारखं. दुकानाची पाटी त्याच्या बायकोनं आधीच उतरवून आणली होती. ती खाटेखाली ठेवलेली होती, आणि ती परत लावायची गोष्ट दोघांपैकी कुणीच काढली नाही.

मग कोठडी. थोरला गजांना धरून ऐकत होता. पट्टी कुणी बदलली ते कळलं. गाडी कोण चालवत होतं ते कळलं. बहिणीबद्दल त्यानं वाईट शब्द काढला नाही, काढला असता तर बाईंना बरं वाटलं असतं. त्यानं गज सोडले आणि आपल्या हातांकडे पाहिलं.

“मग मी कुणाला मारलं?” त्यानं विचारलं.

काकूंना सांगायचं काम धाकटीनं स्वतःवर घेतलं. बाई दाराबाहेर थांबल्या होत्या. आतून शब्द ऐकू येत नव्हते, एकसुरी पुटपुट तेवढी येत होती. ती थांबली. बाईंनी डोकावून पाहिलं. काकूंनी भिंतीकडे तोंड केलं होतं. धाकटी पट्टी बदलायला वाकली, तसा त्यांनी तो दुखरा पाय हळूहळू चादरीखाली ओढून घेतला.

जबाबावर सही द्यायला धाकटी ठाण्यात आली. वाचून दाखवलेलं तिनं मान खाली घालून ऐकलं, सांगितलं तिथे सही केली. तिच्यावर काय गुन्हा लागेल, ते कोर्ट ठरवील, असं बाई म्हणाल्या. तिला त्यात रस दिसला नाही. ती उठली, दारापर्यंत गेली आणि परत फिरली.

“एक राहिलं,” ती म्हणाली. “ते लिहू नका.”

बाईंनी पेन खाली ठेवलं.

“बत्ती गेल्यावर ते गाडीच्या मागच्या कोपऱ्याशी आले होते. माझ्या काचेपर्यंत नाही आले, पण हात वर केलेला दिसला. काचा बंद होत्या, ऐकू काहीच येत नव्हतं. नुसता हात दिसत होता, तोही धूसर. बत्ती मीच घालवली होती ना.” तिनं आपला हात उचलला, बोटं अर्धवट मिटलेली, मनगट सैल, आणि हवेत दोनदा हलवला. “असा. बाई, हा हात ‘ये’ म्हणतोय, की ‘येऊ नकोस’?”

बाईंनी तिला पुन्हा करून दाखवायला सांगितलं. तिनं दाखवलं. एकदा पाहताना तो हात जवळ बोलावतोय असं वाटलं. दुसऱ्यांदा तोच हात दूर लोटत होता. हवालदार कागद आवरता आवरता थांबला आणि त्यानं मान दुसरीकडे वळवली.

“उजेड असता तर कळलं असतं,” धाकटी म्हणाली.

धाकटी अजून तशीच उभी होती, हात वर धरून, आणि तो खाली घ्यायला तिला कुणी सांगत नव्हतं.